व्यवहाराच्या गोष्टी : नाणे घ्यावे ते जांगड

नाण्यांच्या पारखीतले शब्द आपल्या भाषेत इतके मुरले आहेत की, ते मूळचे सराफकट्ट्यावरचे होत याचा आपणांस विसर पडला आहे. कुळाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. हा बट्टा म्हणजे झिजलेला किंवा परमुलखातला रुपया मोडून देताना सराफ जी कसर कापून घेई ती. पेशवाईत पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, असे नाना जातींचे रुपये एकाच बाजारात चालत आणि प्रत्येकाचा बट्टा निराळा असे. खजिन्यात भरणा होताना हे रुपये वाजवून, तोलून, कस लावून घेणारा पोतदार असे. त्याचा हुद्दा गेला, आडनाव तेवढे उरले. एखाद्याचे बोलणे खणखणीत आहे असे आपण म्हणतो, तेही चांगल्या रुपयाच्या आवाजावरूनच. सारांश, नाणे पारखून घ्यावे ही शिकवण महाराष्ट्रीय गृहस्थास कोणी नव्याने द्यावी अशी स्थिती नाही. तरीही या महिन्यात याच विषयावर लिहिण्याचे कारण असे की, आमच्या घरी जे घडले त्यात ही सारी वडिलार्जित पारख यथासांग पार पडली आणि तिचा यत्किंचितही उपयोग झाला नाही.

आम्ही शहापूरचे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त आसनगावहून रोज मुंबईस जातो. त्याला जुन्या नाण्यांचा नाद आहे. नाद वाईट नाही. आमच्या वडिलांनाही होता आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात व्हिक्टोरिया राणीपासूनचे काही रुपये त्यांनीच जमवून ठेवलेले आहेत. लक्ष्मीपूजनास ते दरवर्षी चौरंगावर येतात. त्या डब्यात सहाव्या जॉर्जचा सन १९३९ चा रुपया नाही, ही उणीव पुतण्याच्या मनात घर करून होती. ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्याकरिता सांगितले पाहिजे की, जुना प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात शेकडा ९१.७ चांदी असे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणण्यात आली. १९३९ चा रुपया हा त्या जुन्या कसाच्या रुपयांतला अखेरचा, आणि त्या सालाचे फारच थोडे नग आज संग्राहकांच्या हाती आहेत. त्यामुळे त्याच छापाचा १९३८ चा रुपया चांदीच्या भावाहून थोड्या अधिक किमतीत मिळतो, तर त्याच्या शेजारच्या सालाला पुष्कळ पटींनी किंमत पडते. दोघांत धातूचा भेद नाही, वजनाचा नाही, छापाचा नाही. भेद आहे तो शेवटच्या एका अंकाचा.

पुतण्याने मुंबईतील एका व्यापाऱ्याकडून हा रुपया जवळजवळ दीड महिन्याच्या पगारास घेतला. नाणे उघडे होते. हल्ली अमेरिकेतल्या काही संस्था नाणे तपासून, त्याला एक ते सत्तर या मापात प्रत देऊन, ते पारदर्शक डबीत कायमचे बंद करून देतात. हे माप शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या नाण्यांकरिता बसविले आणि पुढे १९८६ व १९८७ साली निघालेल्या दोन मोठ्या संस्थांनी ते साऱ्या जगाच्या नाण्यांना लावले. परंतु आपल्याकडे बाजारात येणाऱ्या नाण्यांपैकी बहुतेक नाण्यांस असली प्रतवारी झालेली नसते. ती व्यापाऱ्याच्या ताटलीतून किंवा कागदी पाकिटातून थेट गिऱ्हाइकाच्या तळहातावर येतात, आणि त्यांची प्रत काय हे ज्याला विकावयाचे तोच सांगतो.

नाणे घरी आले तेव्हा घरातला वडीलधारा या नात्याने आम्ही ते पारखले. शहाबादी फरशीवर वाजविले, आवाज स्वच्छ. गावातल्या सोनारबुवांच्या काट्यावर तोलले, ११.६२ ग्रॅम भरले, म्हणजे वापराने झिजावे तितकेच झिजलेले. लोहचुंबक लावला, चिकटले नाही. कडेवरचे दाते भिंगातून पाहिले; सलग व तीक्ष्ण, कोठे ओतकामाची शिवण नाही. आम्ही समाधानाने मान डोलावली. पुढे चार दिवसांत दिवाळी आली. काकूंनी रिवाजाप्रमाणे डब्यातले सारे रुपये चिंचेच्या कोळाने आणि बारीक रांगोळीने घासून लख्ख केले आणि त्यांत हा नवा रुपयाही होता. पूजेत तो सर्वांहून अधिक चमकला.

कार्तिकात मुरबाडचे आमचे एक स्नेही आले. हे गुरुजी निवृत्त आहेत, दरसाल पौष पौर्णिमेला म्हसा गावच्या जत्रेस न चुकता जातात आणि बैलांच्या सौद्यांपासून जुन्या तांब्याच्या नाण्यांपर्यंत सर्व गोष्टींत त्यांचे लक्ष असते. त्यांनी रुपया हातात घेतला, खिडकीशी नेला, दहापट मोठे दाखविणारे भिंग डोळ्यास लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा नऊ जन्मतः नऊ नाही. याच्या पोटाशी पाहा. येथली चांदी खरवडलेली आहे.” १९३८ च्या आठाच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू काढून टाकली की नऊ उरतो. एवढेच कोणीतरी केले होते. आमच्या काकूंच्या रांगोळीने सभोवारचा काळसरपणा निघून गेला, म्हणून तो ओरखडा उघडा पडला, असेही गुरुजींचे मत पडले. तेव्हा काकूंना दोष द्यावा की त्यांचे आभार मानावे, हे आमच्या घरात अद्याप ठरलेले नाही.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा रुपया खोटा नव्हता. तो सरकारी टांकसाळीतच पडलेला, पूर्ण वजनाचा, पूर्ण कसाचा रुपया होता. पोतदाराने तो निःशंक खजिन्यात घेतला असता, कारण पोतदार किंमत देत असे ती चांदीला. आम्ही किंमत दिली होती ती एका वळणाला, आणि तेवढे वळणच काय ते खोटे होते. वाजविणे, तोलणे, कस लावणे या सर्व परीक्षा धातूच्या परीक्षा आहेत. संग्राहकाच्या नाण्याची किंमत मात्र साल, टांकसाळीची खूण, छापाचा प्रकार आणि न झिजलेला पृष्ठभाग यांवर ठरते. त्या गोष्टींची परीक्षा उभ्याउभ्या, गर्दीत, व्यापारी समोर बसला असता होत नाही. ती घरी, उजेडात, जाणत्याच्या डोळ्यांनी आणि दुसऱ्या अस्सल नाण्याशेजारी ठेवून होते. म्हणून असले नाणे घेताना किमतीच्या घासाघिशीहून महत्त्वाची बोली एकच : परतीची.

आम्ही तशी बोली केली नव्हती. त्याचे फळ असे की, पुतण्या रुपया घेऊन गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला तीन गोष्टी ऐकविल्या. पहिली, तुम्ही माल पाहून घेतला. दुसरी, पावतीवर “जुना चांदीचा रुपया, नग १” असे आहे; त्यात १९३९ कोठे लिहिले आहे? तिसरी, मी दिलेल्या नाण्यावर जुना रंग होता. हे तर घासलेले आहे, हे माझे नाणेच नव्हे. पहिल्या दोन गोष्टी धूर्तपणाच्या होत्या. तिसरी मात्र, आम्हांस कबूल केले पाहिजे, अगदीच अन्यायाची नव्हती. पैसे गेले. पुतण्या आठ दिवस घरात कोणाशी धड बोलला नाही.

आता परतीच्या बोलीविषयी. ही कल्पना परदेशातून आली आहे असा कित्येकांचा समज असतो, तो बरोबर नाही. आपल्या व्यापारात तिला जांगड हा जुना शब्द आहे. लुगडी असोत की दागिने असोत, माल पसंतीकरिता घरी न्यावयाचा, घरच्या मंडळींस दाखवावयाचा, पसंत पडला तर पैसे, न पडला तर माल परत. आमच्या लहानपणी लग्नाचा बस्ता ठरण्यापूर्वी शालू असे जांगड येत आणि माजघरात त्यांवर खल होई. मुंबईच्या हिरेबाजारात आजही लाखो रुपयांचा माल जांगडीच्या चिठ्ठीवर या हातातून त्या हातात जातो. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही हा व्यवहार ओळखला आहे. त्याच्या चोविसाव्या कलमाचा आशय असा की, पसंतीवर किंवा परतीच्या शर्तीवर दिलेला माल घेणाऱ्याच्या मालकीचा होतो तो त्याने पसंती कळविली म्हणजे, किंवा व्यवहार मान्य असल्याचे दाखविणारे काही कृत्य केले म्हणजे, किंवा ठरलेल्या मुदतीत नापसंती न कळविता माल ठेवून घेतला म्हणजे. मुदत ठरली नसेल तर वाजवी मुदत धरावयाची. आणि वाजवी म्हणजे किती, हा वादाचा विषय होतो. या कलमाच्या दृष्टीने पाहिले तर आमच्या काकूंची चिंच ही पसंतीची सहीच ठरण्याचा संभव होता.

परतीची हमी मागावयाची तर ती एक नसून दोन आहेत, हे प्रथम ओळखावे. आणि या दोहोंची गल्लत करणारा गिऱ्हाईक व्यापाऱ्याला नको होतो. एक हमी अस्सलपणाची : हे नाणे त्या सालाचे, त्या टांकसाळीचे, फेरफार न केलेले आहे. दुसरी पसंतीची : नाणे मनास आले नाही तर परत. पहिलीला मुदत असू नये. आज जे नाणे नकली आहे ते दहा वर्षांपूर्वीही नकलीच होते. काळाने त्यात फरक पडत नाही. दुसरीला मात्र थोडक्या दिवसांची मुदत असणे न्याय्य आहे. चांदीचा भाव रोज हलतो. आज नेलेला रुपया भाव उतरल्यावर महिन्याने परत आणणारा गृहस्थ नापसंतीचे नाव करून आपला तोटा व्यापाऱ्याच्या पदरात टाकीत असतो.

प्रतीची हमी मागण्याच्या भरीस शक्यतो पडू नये, असे आमचे मत आहे. उघड्या नाण्याची प्रत हे मत असते. एकाचे “उत्तम” ते दुसऱ्याचे “बरे” असते, आणि एकाच संस्थेकडे तेच नाणे दोनदा पाठविले तर प्रतीचा आकडा बदलून आल्याचेही संग्राहक सांगतात. अमुक प्रत मिळालीच पाहिजे अशी शर्त घातली की व्यापारी एक तर नकार देतो, नाही तर किंमत वाढवितो. त्यापेक्षा कारण न विचारता दहा दिवसांत परत, एवढी बोली पुरे होते. प्रतीविषयी आपला ग्रह बदलला तर त्या दहा दिवसांत बदलू द्यावा.

मग अस्सलपणाचा निवाडा कोणी करावयाचा? हा प्रश्न बोलीच्या वेळीच सोडविला पाहिजे. “खोटे निघाल्यास परत घेऊ” हे शब्द सर्वच व्यापारी सढळपणे उच्चारतात. परंतु खोटे निघाले असे म्हणणार कोण? तुमचे गुरुजी म्हणतील खोटे, त्यांचे गुरुजी म्हणतील खरे. म्हणून तिसरा माणूस किंवा तिसरी संस्था आधी नेमावी. प्रतवारीची परदेशी संस्था नेमली तर एक सोय आहे : फेरफार केलेल्या नाण्याला ती साधा प्रतीचा आकडा देत नाही, त्यामुळे निकाल कागदावर येतो. परंतु तेथे नाणे पाठविण्यास खर्च व काही महिन्यांचा काळ लागतो. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे हे १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यातल्या व्याख्येत येते आणि ते खाजगी माणसास देशाबाहेर नेता येत नाही. हे विसरून पाकीट पाठविणारा अडचणीत येईल. १९३९ च्या रुपयाला ही अडचण आज नाही, १८६२ च्या रुपयाला आहे. तेव्हा जुन्या नाण्यांपुरता उभयतांस मान्य असा देशातलाच एखादा अनुभवी अभ्यासक नेमणे श्रेयस्कर. नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राच्या अभ्यासाची संस्था व संग्रहालय आहे. तेथे अस्सल नाणी एकदा डोळ्यांखालून घातली तरी आपली स्वतःची नजर पुष्कळ सुधारते.

व्यापाऱ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याला सर्वांत मोठी भीती असते ती अदलाबदलीची. चांगले नाणे न्यावे, घरातले वाईट नाणे त्या जागी परत आणावे, असे करणारे सभ्य दिसणारे गृहस्थही या जगात आहेत. त्याची ही भीती आपण होऊन दूर केली की तो पुष्कळ नरम येतो. विकत घेतानाच नाण्याच्या दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन असते. वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत करून कागदावर लिहावे आणि त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. नाणे ज्या पाकिटात दिले त्याच पाकिटात ठेवावे. आणि, हे आता आमच्या घरात सर्वांस पाठ झाले आहे, निकाल लागेपर्यंत त्यास पाणी लावू नये. नंतरही लावू नये. घासलेल्या नाण्याची संग्राहकांतील किंमत जी उतरते ती पुन्हा चढत नाही.

वर्णन किती काटेकोर असावे, याचे एक उदाहरण देतो. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हे साल आहे म्हणून तो त्याच वर्षी पाडला असे नाही. हेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडण्यात आले आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्षांचा हिशेब ठेवण्याकरिता नक्षीत बारीक ठिपके घातले. या ठिपक्यांच्या संख्येवर किंमत बदलते. पावतीवर नुसते “१८६२ चा रुपया” लिहून घेणारा अर्धेच वर्णन लिहून घेतो, आणि ठिपके खरवडून कमी करणे हे आठाचा नऊ करण्याहून सोपे आहे. मालविक्रीच्या कायद्यातील पंधरावे कलम वर्णनाप्रमाणे विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे असे सांगते. परंतु वर्णनच नसेल तर ते कलम कोठे लावणार?

बोली कोणत्या क्रमाने करावी, यावर बरेच अवलंबून असते. बहुतेक लोक आधी किमतीची घासाघीस करतात, व्यापाऱ्याला खाली खाली आणतात, आणि पैसे मोजताना म्हणतात, “पण खोटे निघाले तर परत घ्याल ना?” तेव्हा तो तोंडाने हो म्हणतो आणि लिहून देताना कुरकुरतो, त्याने सोडलेल्या किमतीत त्याच्या मते ही हमी धरलेली नसते. आधी परतीच्या शर्ती बोलाव्यात, त्या कागदावर याव्यात, आणि मग किंमत विचारावी. याहून एक युक्ती गुरुजींनी आम्हांस सांगितली ती फार उपयोगी आहे. व्यापाऱ्यास दोन किमती विचाराव्यात : लेखी हमीसह किती, आणि हमीविना किती? दोहोंत थोडा फरक असेल तर तो हमीच्या दगदगीचा मोबदला समजावा. पण हमी सोडल्यास किंमत एकदम निम्म्यावर येत असेल, तर नाण्याविषयीचे आपले खरे मत व्यापाऱ्याने स्वतःच्याच तोंडाने सांगितले आहे. तेथून नमस्कार करून उठावे.

गुरुजी म्हणतात, जत्रेत बैल घेणारा दात पाहतो, चाल पाहतो, औताला धरून पाहतो आणि खोड आहे का हे चार माणसांदेखत विचारतो. बैल चोरून विकलेला नसला म्हणजे झाले असे कोणी म्हणत नाही. नाण्याच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसे भिडेने गप्प बसतात. हे त्यांचे म्हणणे आम्हांस लागू पडले, म्हणून येथे नमूद करतो.

अर्थात प्रत्येक खरेदीस एवढा खटाटोप करावयाचा नाही. व्हिक्टोरियाचा किंवा पंचम जॉर्जचा साधा, सर्वत्र मिळणारा रुपया पूजेकरिता घ्यावयाचा असेल आणि किंमत त्यातल्या चांदीच्या आसपास असेल, तर पोतदाराची जुनी परीक्षा पुरे. पूर्ण वजनाच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवसाच्या भावाने गुणले की हिशेब झाला. जितकी किंमत या हिशेबाच्या वर जाईल तितकी हमी हवी. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचीच गोष्ट घ्या. राजाच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी लोकांत ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ती आकृती सुधारण्यात आली. त्यामुळे १९११ चा रुपया दुर्मिळ आणि त्यावर अक्षरशः सालाची किंमत. असले नाणे पावतीवरच्या एका ओळीत घेऊ नये.

आमच्या तालुक्यांपुरती एक निराळीच तऱ्हा आहे, ती म्हणजे नाण्याबरोबर विकली जाणारी कथा. माहुली किल्ला आमच्या डोक्यावर उभा आहे. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीचा अखेरचा झगडा तेथूनच दिला. मुरबाडच्या बाजूस नाणेघाट आहे. तेथील लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख असून त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो कार्षापणांची मोजदाद आहे. तेव्हा “माहुलीच्या पायथ्याशी नांगराला लागलेली शिवराई” किंवा “नाणेघाटात पावसाने उघडे पडलेले सातवाहन नाणे” असे सांगितले की आपल्या माणसाचे मन विरघळते. शिवराईवर एका बाजूस श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूस छत्रपति अशी अक्षरे असतात हे खरे. पण तोच छाप महाराजांच्या पश्चातही दीर्घकाळ पडत राहिला, तेव्हा प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नव्हे. कथेची हमी कोणी व्यापारी लिहून देत नाही, आणि दिली तर आपण ती घेऊ नये. कारण नाणे खरोखरच जमिनीत सापडले असेल तर १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणे ते सापडणाऱ्याने कलेक्टरास कळवावयाचे असते. तसे न करता बाजारात आलेले नाणे घेणे म्हणजे पैसे देऊन फिर्याद घरी आणणे. कथा खोटी असेल तर फसवणूक, खरी असेल तर गुन्हा. दोहोंपैकी आपल्या हिताचे काय आहे?

नाण्यात फेरफार करणे ही कलियुगातली नवी विद्या आहे असेही नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला. मात्र तो विजेत्या राजाने उघडपणे, आपल्या नावानिशी केलेला फेरफार होता. आमच्या आठाचा नऊ ज्याने केला त्याने आपले नाव कोठे घातले नाही.

शहापूर-मुरबाडकडच्या गिऱ्हाइकाने मुदतीविषयी विशेष सावध असावे. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या तोंडी तीन दिवस ही मुदत सहज येते. त्याच्या शेजारी राहणाऱ्यास ती पुरते. मुरबाडास रेल्वे नाही. कल्याणला उतरून पुढे बसने जावयाचे, आणि परत यावयाचे तर तोच प्रवास उलटा. पावसाळ्यात त्यातला एक दिवस वाटेतच जातो. म्हणून मुदत नाणे हातात पडल्या दिवसापासून मोजावी, विकल्या दिवसापासून नव्हे. आणि नाणे दुकानी पोहोचण्याची अट न घेता, मुदतीच्या आत नापसंती लेखी कळविली म्हणजे पुरे, असे लिहून घ्यावे. टपालाने परत पाठविताना विम्याचा खर्च कोणाचा आणि वाटेत गहाळ झाल्यास नुकसान कोणाचे, हेही दोन ओळींत उरकावे. प्रदर्शनात चार दिवस टेबल मांडून बसणाऱ्याचा कायमचा पत्ता पावतीवर हवाच. टेबल उठल्यावर हमी कोठे शोधणार?

इतके करूनही व्यापारी फिरला तर १९१९ ची मोडी फाइल घेऊन दिवाणीत वर्षे काढावी लागतील, अशी धास्ती जुन्या माणसांस वाटते. आता तशी स्थिती नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पावती न देणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास व पैसे परत देण्यास नकार देणे हीदेखील त्यात येते. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही छापील ओळ पाहून गर्भगळित होण्याचे कारण नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, म्हणजे आम्हांस ठाण्यास. मुंबईच्या व्यापाऱ्यामागे मुंबईत धावावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र पुन्हा विकून नफा मिळविण्याकरिता घेतलेल्या मालास हा आश्रय नाही. पुतण्याची तक्रार आम्ही का केली नाही, असे कोणी विचारील. पावतीवर साल नव्हते, आणि नाणे घासलेले होते.

गेल्या महिन्यात पुतण्याने दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून पुन्हा १९३९ चा रुपया पाहिला. या वेळी आम्ही आणि गुरुजी बरोबर गेलो. आम्ही घरूनच एक मसुदा लिहून नेला होता. कोणास उपयोगी पडेल म्हणून तो येथे देतो.

“सहाव्या जॉर्जच्या छापाचा, सन १९३९ चा, चांदीचा एक रुपया, वजन … ग्रॅम, सोबतच्या छायाचित्रांप्रमाणे, अस्सल व सालात किंवा पृष्ठभागात कोणताही फेरफार नसलेला म्हणून विकला. घेणाऱ्यास नाणे मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत त्याने नापसंती लेखी कळविल्यास, कारण न विचारता, नाणे आहे त्या स्थितीत परत घेऊन पूर्ण रक्कम सात दिवसांत परत देऊ. नाणे अस्सल नाही किंवा त्यात फेरफार आहे असे उभयतांनी नेमलेल्या तज्ज्ञाने लेखी सांगितल्यास, कितीही काळाने, पूर्ण रक्कम व तपासणीचा खर्च देऊ. घेणाऱ्याने नाणे घासू, धुऊ किंवा रंगवू नये.”

शेठजींनी कागद दोनदा वाचला. पहिली ओळ त्यांना मान्य झाली, दुसरीही झाली. “कितीही काळाने” यापाशी ते थांबले. म्हणाले, “साहेब, मी उद्या असेन-नसेन. माझ्या मुलाने हे का निस्तरावे?” गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे. पाच वर्षे लिहा.” शेठजींनी तीन सांगितली. तीनवर ठरले. तपासणीचा खर्च, नाणे खरे निघाल्यास आमचा व खोटे निघाल्यास त्यांचा, अशी दुरुस्ती त्यांनीच सुचविली आणि ती आम्हांस रास्त वाटली. किमतीत त्यांनी फारसे कमी केले नाही. हमीविना किती, असे गुरुजींनी विचारले तेव्हा ते हसले आणि जो आकडा त्यांनी सांगितला तो फक्त शेकडा चारांनी खाली होता. शेवटी एक वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने वाढविले : लोलकाने किंवा हाताने नाण्याच्या मध्यभागी स्पर्श करू नये, कडेने धरावे. त्यावर आम्ही आनंदाने सही केली.

रुपया घरी आला. दहा दिवसांत गुरुजींनी तो दोनदा पाहिला, आणि नऊच्या पोटाशी त्यांना काही सापडले नाही. सध्या तो कागदासह कपाटात आहे, देव्हाऱ्याखालच्या डब्यात नव्हे. परवा काकूंनी चौकशी केली की, हा लक्ष्मीपूजनास चौरंगावर येणार की नाही? पुतण्या म्हणाला, “येईल काकू, पण पाकिटासकट.” काकूंनी थोडा विचार केला आणि विचारले, “मग पाकिटावर हळदकुंकू वाहिलेले तुमच्या शेठजींना चालेल का?” तो कागद पुन्हा काढून पाहिला. त्याविषयी त्यात काही लिहिलेले नाही.